सेकंड माल

फोनवर विचारलंस, पिन्नी, तारकर्लीला चाललोय आम्ही,
वाळूत पडून वाचायला काय नेऊ?

इथं आज चव्वेचाळीस आहे.
खिडकीला ओला टॉवेल बांधलाय,
तुझा फोन येईपर्यंत दोनदा भिजवला, दोनदा वाळला.
पाणी आमच्याकडे चार दिवसांआड येतं
आणि समुद्र अजून एकदाही आलेला नाही.
तरी विचारलंस, तर सांगते.

नावं विचारू नकोस. नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत.
मला पुस्तकं नंबरानं ठाऊक,
वाचनालयातले कोंडाबत्तिनी मास्तर
पाठीवर पांढऱ्या रंगानं घालतात, त्या नंबरानं.

एकशे बारा ने.
जाड आहे, घाबरू नकोस.
पहिली चाळीस पानं नुसती लग्नाची बोलणी,
कडक भाकरीसारखी. चावत बसायचं नसतं,
आमटीत भिजू द्यायचं.
मग एक विहीण तोंड उघडते
आणि तुझं जेवण राहून जातं.
लिहिणारी कोण, माहीत नाही,
पहिलं पान उंदरांनी नेलंय,
पण कुणाच्या घरात किती पातेली, कितींना पोचे,
हे तिला नेमकं माहीत असतं.
अशा बाईवर विश्वास ठेवावा.

दोनशे सहा नको. ते सगळेच नेतात.
त्यातला नायक प्रत्येक प्रकरणात एकदा
खिडकीशी जाऊन उभा राहतो.
समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय,
'बस की आता खाली.'
ती मी नव्हे. अक्षर माझ्यासारखं आहे, एवढंच.

खुनाचं हवं असेल तर एकोणसाठ.
शेजारच्या यल्लुबाईला वाचून दाखवलं मी ते,
ती विड्या वळायची, मी पानं उलटायची.
रोज हजार विड्या होईस्तोवर वाचायचं,
मग खुनी कितीही जवळ आलेला असो, पुस्तक बंद.
तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, दिराचं काम आहे हे.
दिराचंच निघालं.
वाचताना ते पान कळेल तुला, त्यावर तंबाखूचं बोट आहे.

आता तीनशे चाळीस.
ते खरं तर देणार नव्हते तुला.
एक नावाडी, त्याची बायको, एक बेट,
बाकी सगळं पाणी.
सहा वर्षं दर मे महिन्यात मीच नेते,
कार्डावर खालपर्यंत एकच सही,
रा. इप्पलपल्ली, रा. इप्पलपल्ली.
मास्तर म्हणतात, घरीच ठेवा आता.
पण घरी ठेवलं तर आणायला कसं जायचं?

तुला माहीतच आहे, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मी टॉवेलांच्या कडा शिवते.
निळे पट्टे, पांढरे पट्टे, मधोमध नांगर.
माल बोटीनं लांब जातो.
सुपरवायझर सांगायचा, तिकडं माणसं
किनाऱ्यावर हे अंथरून, उताणी पडून पुस्तकं वाचतात.
मला खरं वाटायचं नाही.
भर दिवसा? बायासुद्धा?
आणि आता तूच निघालीस.

तर पुस्तकं शनिवारच्या गाडीनं पाठवते.
आत वाळू गेली तर गेली,
दंड मी भरीन.
टॉवेल दिवाळीत दिलेलाच ने, नवा घेऊ नकोस.
त्याचा कोपरा उलटून बघ,
नांगराच्या डाव्या अंगाला चार बोटं
शिलाई वाकडी गेलीय.
तपासणीत बाद झाला, सेकंडमध्ये निघाला,
म्हणून निम्म्या किमतीत आपल्या घरी आला.
आदल्या रात्री नावाड्याची होडी उलटली होती
आणि सकाळी सातची पाळी होती माझी.

पान एकशे अठ्ठ्याऐंशी.
तिथं पोचलीस की फोन कर,
कितीही वाजलेले असू देत.
गुरुवारी तेवढा करू नकोस.
गुरुवारी पाणी येतं.